पेडल हळूच खाली जातं तेव्हा

जुनी जीप सांभाळून असलेली घरं कोकणात अजून बरीच आहेत. आमचंही त्यांतलंच एक. आंब्याच्या पेट्या, सिमेंटची पोती, लग्नाचं वऱ्हाड, सगळा भार तिच्यावरच. म्हणून या महिन्यात ब्रेकविषयी बोलू या.

पेडल दाबून धरलं की आधी घट्ट लागतं, मग पायाखाली हळूहळू बसत जातं. पाइप कोरडे, चाकांपाशी गळती नाही, ब्रेक ऑइलही कमी झालेलं नाही. असं असेल तर दोष बहुधा मास्टर सिलिंडरच्या आत असतो. पिस्टनवरचा रबरी कप झिजला की दाबलेलं तेल चाकांकडे जाण्याऐवजी कपाच्या कडेने मागे परततं. वरून कितीही तेल ओतलं तरी हा दोष जात नाही.

विलीज पद्धतीच्या जुन्या जीपमध्ये हा सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली चासीला बसवलेला असतो आणि चारही चाकांना तेल पुरवणारी लाइन एकच असते. नव्या गाड्यांत दोन स्वतंत्र लाइनी असतात. एक गेली तरी दुसरी गाडी थांबवते. इथे ती सोय नाही. आमच्याकडे निकाहला दोन दिवस असताना पेडल बसू लागलं. वडीलधारे म्हणाले, "तेल टाका, हँडब्रेक आहे की!" पण हँडब्रेक उभी गाडी धरण्यासाठी असतो, माणसांनी भरलेली गाडी आंबेनळी घाटात थांबवण्यासाठी नव्हे. आम्ही दुसरी गाडी भाड्याने केली. खर्च झाला, कुरकुरही ऐकली, पण जीप दारातच उभी ठेवली.

सिलिंडर नवा घातला. बसवण्याआधी त्यात तेल भरून पिस्टन हळूहळू दाबत राहावं, बुडबुडे थांबेपर्यंत. बसवल्यावर पेडलला सुरुवातीला अर्धा इंच ढील ठेवावी. नाहीतर पिस्टन पुरता मागे येत नाही आणि ब्रेक धरून राहतात.

मग लाइनमधली हवा काढायची. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते, हे वर्गात आम्ही दरवर्षी शिकवतो. लाइनमध्ये हवा राहिली तर पेडल स्पंजसारखं लागतं, ते याचमुळे. या कामाला दोन माणसं हवीत. आमची आठवीतली लेक पेडलवर बसली. सुरुवात सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून करायची: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवायचं. पेडल दाबून धरल्यावर निपल सैल करायचा, पेडल खाली गेलं की निपल घट्ट करायचा आणि मगच "सोड" म्हणायचं. बुडबुडे थांबेपर्यंत हेच पुन्हा पुन्हा. मधे मधे टाकीत तेल पाहत राहावं. ती रिकामी झाली तर पुन्हा हवा शिरते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. बाटलीत आलेलं तेल परत वापरू नये.

डॉट ३ ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शिरल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. लांब उतारावर ब्रेक तापले की असं तेल उकळतं, वाफ होते आणि पेडल रिकामं जातं. कोकणच्या पावसात तर ही काळजी जास्तच. म्हणून लहान सीलबंद डबाच घ्यावा आणि दर दोन वर्षांनी तेल बदलावं. सिलिंडरचे भाग पेट्रोल-डिझेलने धुऊ नयेत, रबर फुगतं. रंगावर तेल सांडलं तर लगेच पाण्याने धुवावं.

शेवटी पेडल जोरात दाबून मिनिटभर धरावं. जराही बसता कामा नये. मग रिकामी गाडी सपाट रस्त्यावर हळू चालवून पाहावी. हाताला सवय नसेल तर काम मेकॅनिककडूनच करून घ्यावं, पण त्याच्या शेजारी उभं राहून वरच्या गोष्टी एकेक विचारून घ्याव्यात.

पुढच्या महिन्यात पावसाळ्यातली बॅटरी.