समुद्रापलीकडील इतिहास आणि त्याची साक्ष

भारतातून परदेशी गेलेल्या लोकांचा इतिहास आज पुस्तकांतून वाचला जातो त्याहून अधिक संगणकावरील संकेतस्थळांतून वाचला जातो. मॉरिशस, फिजी, सुरिनाम व त्रिनिदाद येथे गेलेल्या मजुरांचे वंशज, तसेच इंग्लंड-अमेरिकेत अलीकडे स्थायिक झालेले लोक, यांच्या संस्था अशी स्थळे चालवितात. त्यांवर बोटींची नावे असतात, जुनी छायाचित्रे असतात, सणांची व खाद्यपदार्थांची वर्णने असतात. परदेशी वाढणारी आपली मुले ‘आपण कोण’ या प्रश्नाचे उत्तर तेथेच शोधतात. म्हणून या स्थळांची साक्ष कितपत ग्राह्य धरावी, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

न्यायालयात साक्षीदार उभा राहिला म्हणजे वकील त्यास प्रथम विचारतो, ‘तुम्ही हे स्वतः पाहिले काय?’ नंतर विचारतो, ‘या प्रकरणात तुमचा हितसंबंध कोणता?’ संकेतस्थळास मात्र हे प्रश्न कोणी विचारीत नाही. छपाई सुबक असली व छायाचित्र जुने असले की वाचकाचा विश्वास बसतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ अन्वये संगणकातील नोंद पुराव्यात दाखल करावयाची तर तिच्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. परंतु त्या प्रमाणपत्राने ती नोंद कोठून व कशी निघाली एवढेच सिद्ध होते. तीतील मजकूर खरा आहे, हे सिद्ध होत नाही. कागद शाबीत होणे निराळे आणि कागदातील विधान शाबीत होणे निराळे. हा भेद वाचकाने ध्यानी ठेवला तर निम्मे काम झाले.

आता प्रत्यक्ष कागदांकडे वळू. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ बोटीतून ३६ मजूर मॉरिशसला पोहोचले. पुढे ५ जून १८७३ रोजी ‘लल्ला रूख’ सुरिनामला व १४ मे १८७९ रोजी ‘लिओनिडास’ फिजीला लागली. या गिरमिटिया मजुरांच्या नोंदी बऱ्याच ठिकाणी जपून ठेवलेल्या आहेत. फिजी, गयाना, सुरिनाम व त्रिनिदाद-टोबॅगो येथील दप्तरांस २०११ साली युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ यादीत स्थान मिळाले. सुरिनामला गेलेल्या सुमारे ३४ हजार माणसांची नावे तर आज घरबसल्या शोधता येतात. हे कार्य निःसंशय स्तुत्य आहे.

फिजीला जाणाऱ्या प्रत्येक मजुराच्या परवान्यावर नाव, पित्याचे नाव, वय, जिल्हा, ठाणे, गाव, उंची व शरीरावरील खूण यांबरोबर ‘जात’ हाही रकाना होता. इतिहासकार ब्रिज लाल यांनी कलकत्ता बंदरातून फिजीस गेलेल्या ४५ हजारांहून अधिक परवान्यांचा अभ्यास करून १९८३ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या दप्तरात ब्राह्मण व ठाकूर आहेत, अहीर व कुर्मी आहेत, मुसलमान आहेत. आणि चर्मकार समाजाची माणसेही मोठ्या संख्येने आहेत. कारकुनाने ऐकून लिहिलेला हा रकाना निर्दोष आहे, असे आम्ही म्हणत नाही. कोणी जात लपविली असेल, कोणी बदलून सांगितली असेल. तथापि रकाना आहे, ही गोष्ट नाकारता येत नाही.

मग अनेक संकेतस्थळांवर हा रकाना कोठे नाहीसा होतो? बोटीचे नाव येते, गावाचे नाव येते, पूर्वजांची भक्ती व सोशिकता यांचे वर्णन येते. परंतु तो पूर्वज गावात राहत होता की गावकुसाबाहेर, हे येत नाही. मुंबई बंदरातून गेलेल्या मजुरांमुळे मॉरिशसमध्ये मराठी भाषिकांची वस्ती झाली. त्यांच्या गणेशोत्सवाची छायाचित्रे आपण कौतुकाने पाहतो. त्यांचे पूर्वज कोणत्या वाड्यांतून व वस्त्यांतून निघाले, हे मात्र क्वचितच विचारतो. साक्षीदार जे सांगतो त्याइतकेच तो जे वगळतो तेही तपासावे लागते.

यावर एक उत्तर हमखास मिळते : ‘जात समुद्रातच बुडाली.’ या म्हणण्यात सत्यांश आहे व तो आम्ही मान्य करतो. बोटीवर एका भटारखान्याचे अन्न खावे लागले, मळ्यावर एका चाळीत राहावे लागले, एकाच बोटीने आलेले लोक एकमेकांस ‘जहाजी भाई’ म्हणू लागले. त्रिनिदाद, फिजी येथे जातीचे जुने बंधन पुष्कळ सैल झाले. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडला व १९६५ च्या कायद्यानंतर अमेरिकेला गेलेले लोक गिरमिटावर गेले नाहीत. ते आपली नाती, आपल्या विवाहपद्धती व आपली आडनावे घेऊन गेले. मळ्यावरील मजुराची साक्ष काढून ती या दुसऱ्या वर्गाच्या बचावासाठी वापरणे म्हणजे एका खटल्याचा पुरावा दुसऱ्या खटल्यात घुसडणे होय.

हा वाद केवळ विद्वानांचा नाही. कॅलिफोर्नियात २००५-०६ साली व पुन्हा २०१६ साली शालेय इतिहासाच्या पुस्तकांत जातीचा व दलितांचा उल्लेख कसा असावा, यावर झगडा झाला. ब्रिटिश संसदेने २०१३ साली समता कायद्यात जातीचा समावेश करण्याचे कर्तव्य सरकारवर टाकले. २०१८ साली सरकारने तसे न करता न्यायालयांच्या निर्णयांवर विसंबण्याचे जाहीर केले. सिॲटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदास बंदी केली; कॅलिफोर्निया विधिमंडळाने संमत केलेले तशाच आशयाचे विधेयक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी, प्रचलित कायदे पुरेसे आहेत असे सांगून, परत केले. ‘आमच्यात जात उरलीच नाही’ असे शंभर स्थळांवर लिहिलेले असेल, तर कायदा मागणाऱ्या पीडितास प्रथम आपले अस्तित्वच शाबीत करावे लागते. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातील आपल्या निबंधात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, हिंदू समाज जगभर पसरल्यास जात हा जगाचा प्रश्न होईल, या केतकरांच्या मताकडे लक्ष वेधले होते. त्यास शतक उलटून गेले.

परंतु दुसऱ्यांस लावलेली कसोटी आपणास लावण्यास आपण कचरता कामा नये. परदेशातील आपल्या बांधवांनी चालविलेल्या स्थळांवरही बाबासाहेबांच्या नावे अशी वचने आढळतात, ज्यांच्याखाली ना खंडाचा उल्लेख असतो ना पृष्ठाचा. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्यांच्या लेखन-भाषणांचे खंड प्रसिद्ध केले असता ही हयगय अक्षम्य आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जमलेल्या जनसमुदायाचे निरनिराळे आकडेही आधार न देता छापले जातात. आपली बाजू सत्याची आहे. तिला बनावट कागदाची गरज नाही, आणि एक बनावट कागद पकडला गेला की खऱ्या कागदांवरील विश्वासही उडतो.

तेव्हा वाचकहो, असे कोणतेही स्थळ उघडाल तेव्हा चार प्रश्न विचारा. हे कोण लिहितो व त्याचा खर्च कोण करतो? विधानास मूळ कागदाचा आधार दिला आहे काय? ज्या काळाची व ज्या लोकांची हकीकत आहे, त्यांच्यापुरतीच ती सांगितली आहे काय? आणि या हकीकतीत कोण दिसत नाही? चौथा प्रश्न मुलांना अवश्य शिकवा. उत्तर न मिळाल्यास संपादकांस सभ्य भाषेत, आधारासह पत्र लिहा व पत्राची प्रत आपल्या संग्रही ठेवा. ज्यांचे वडील-आजोबा परदेशी गेले त्यांनी घरातील पासपोर्ट, पत्रे व छायाचित्रे यांवर तारीख व गाव लिहून ती जपून ठेवावीत. ज्याने कागद राखला नाही त्याची हकीकत दुसराच सांगतो, हे आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहे.