विश्लेषण : फ्लेमिंगोला अभयारण्य, पाणलाव्याचे काय?

ठाणे खाडीत २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाले. २०२२ मध्ये रामसर दर्जाही मिळाला. कल्याण-डोंबिवलीच्या शेतांत, दलदलीत उतरणाऱ्या पाणलाव्याकडे (स्नाइप) मात्र कुणाचे लक्ष नाही.

पाणलावा कसा ओळखायचा?
लांब, सरळ चोच आणि चिखलाशी मिसळून जाणारा रंग. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे पाणलावे मऊ चिखलात चोच खुपसून किडे, गांडुळे शोधतात.

धोका कोणता?
शेतावर भराव पडला, की चिखल संपतो आणि खाद्यही. साधा पाणलावा आज संकटग्रस्त नाही. पण त्याचाच हिमालयातील भाऊबंद, वुड स्नाइप, जागतिक यादीत ‘असुरक्षित’ गणला जातो.

नियम काय सांगतो?
पाणथळ जागांविषयीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांच्या व्याख्येत भातशेती येतच नाही. शेतकऱ्याला जाच नको, हे खरे. पण त्याच शेतावर इमारतींचा आराखडा येतो, तेव्हा तरी पक्ष्यांची नोंद व्हायला हवी.

उपाय काय?
भरावाची परवानगी देण्यापूर्वी एका हिवाळ्याची पक्षीगणना सक्तीची करावी आणि नैसर्गिक नाल्यांचे काठ मोकळे ठेवावेत. पावसाचे पाणी मुरायलाही हीच जागा लागते. पाणलावा वाचला, तर शहराचाही फायदाच आहे.