घुंगराची काठी काचेत ठेवणाऱ्यांना

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या तालुक्याच्या गावात इतिहास मंडळानं प्रदर्शन भरवलं. मंडळाचं नाव घेत नाही, फुकटची जाहिरात कशाला! तलवारी होत्या, दांडपट्टे होते, अडकित्ते, समया, कुणाच्या तरी पणजोबाची पगडी. आणि अगदी शेवटच्या टेबलावर, काचेखाली, घुंगराची काठी. खाली वळणदार अक्षरात चिठ्ठी : ‘बारा बलुतेदार – आपल्या गावगाड्याचं वैभव.’

वैभव! कुणाचं रं बाबा?

ही काठी ज्याच्या हातात असायची तो येसकर. गावानं हाक मारली की निघायचं. सरकारी टपाल घेऊन ठाण्याला पळायचं. पाटलाकडं आलेल्या पाहुण्याचं घोडं धरायचं. मयताचा सांगावा घेऊन रातोरात परगावी जायचं. लाकडं फोडायची, मेलेलं ढोर ओढायचं. आणि सांज झाली की दारोदार उभं राहून शिळ्या भाकरी टोपल्यात गोळा करायच्या. कामाला वेळ ठरलेली न्हाई, मजुरी ठरलेली न्हाई. वतनाच्या जमिनीचा तुकडा एवढासा, त्याच्यावर खाणारी तोंडं पिढीगणिक वाढत गेलेली, आणि त्या तुकड्यापायी सगळा म्हारवाडा गावाला बांधलेला. बावन्न हक्क म्हणून आपलेच म्हातारे अभिमानानं सांगायचे. बावन्न हक्कांत पोटभर जेवण्याचा हक्क कितवा, हे कुणी विचारलं न्हाई.

बाबासाहेबांनी विचारलं. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं बिल त्यांनी आणलं. १८७४ चा तो कायदा. बिल पुढं मागं घ्यावं लागलं. कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला. तोवर बाबासाहेब गेले होते. म्हणजे मधे तीस वर्षं. तीस वर्षं ही काठी वाजतच होती. ती बेडी आहे. बेडी प्रदर्शनात मांडायला आमची ना न्हाई, जरूर मांडा. पण चिठ्ठीवर बेडी लिहा. ‘वैभव’ लिहून आमच्या आज्याच्या पाठीवर पुन्हा ओझं देऊ नका.

मंडळाचं वर्षाचं पत्रक माझ्यापुढं आहे. जूनमध्ये रायगड. श्रावणात जुन्या वाड्यांची पायी सफर. दिवाळीत किल्ले बांधण्याची स्पर्धा आणि हे प्रदर्शन. थंडीत मोडीचा वर्ग. १८ एप्रिलला जागतिक वारसा दिन, व्याख्यान, नंतर अल्पोपाहार. दोस्तहो, १८ एप्रिल बघा. त्याच्या चार दिवस आधी काय असतं, हे ह्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पत्रकाला ठाऊक न्हाई. १४ तारखेला आख्खं गाव निळं होतं, आणि १८ तारखेला हे लोक खुर्च्या मांडून वारसा कुठं हरवला म्हणून शोधतात.

रायगडाची गंमत तर पुढंच. त्यांची बस महाडला थांबते. चहा, वडापाव, लघवी. मग बस गडाकडं. ज्या गावात हे चहा पितात त्याच गावात चवदार तळं आहे. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ साली ठराव करून ते सगळ्यांना खुलं केलं होतं. कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली आणि कागद खरा करून दाखवला. त्याच दिवशी आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठवून आपल्या माणसांची डोकी फोडली. मग १०८ घागरी पाणी उपसून, त्यात शेण-गोमूत्र-दूध-दही ओतून तळं शुद्ध केलं. शेणानं शुद्ध होतं, माणसानं बाटतं! नगरपालिकेनं ठराव फिरवला. डिसेंबरात सत्याग्रह करायचा तर कोर्टाचा मनाई हुकूम आला. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली ती फत्तेखान नावाच्या मुसलमानानं दिलेल्या जागेवर, कारण दुसऱ्या कुणी जागा दिली न्हाई. आणि तळं सगळ्यांचं आहे हा हायकोर्टाचा निकाल लागला १९३७ च्या मार्चमध्ये. दहा वर्षं पाण्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. ह्याहून इतिहास तो काय असतो? ह्यात दस्तऐवज आहेत, ठराव आहेत, निकाल आहेत. मंडळाला तर कागदांचंच वेड! मग ह्या कागदांना हात का लागत न्हाई?

महाडजवळच गांधारपाल्याची लेणी आहेत. बौद्ध लेणी. त्यांना अजून पांडवलेणी म्हणतात. बुद्ध बसला तिथं भीम-अर्जुन बसवायचे, ही आपल्याकडची जुनी खोड.

गडांवर आमचा राग न्हाई, हे स्वच्छ सांगतो. जोतीरावांनी १८६९ साली शिवाजीराजांचा पवाडा लिहिला, तेव्हा ह्या मंडळांचा जन्मही झाला नव्हता. जुलै २०२५ मध्ये रायगडासकट बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, आमच्याही गिरणीत पेढे वाटले. पण पेढा खाताना विचारायचं : तो दगड गडावर कुणाच्या डोक्यावरून चढला? चौकी-पहाऱ्याला पावसात कोण उभं होतं? त्यांची नावं कुठल्या बखरीत आहेत?

हे मी मंडळाच्या कार्यवाहांना विचारलं. मवाळ माणूस. म्हणाले, ‘‘अहो, आम्ही जातीपातीत पडत नाही. ते तुमचं आहे, तुम्ही करा.’’

वाड्याचा इतिहास सगळ्यांचा, आणि तळ्याचा इतिहास ‘तुमचा’. जात कशी पाळतात ती अशी. गोड बोलून.

पण दोस्तहो, कार्यवाहांना शिव्या देऊन मोकळं होऊ नका. आपण तरी काय करतो? २० मार्चला टेम्पो भरून महाडला जातो, घोषणा देतो, बॅनरवर स्वतःचा फोटो पुढाऱ्याहून मोठा छापतो, परत येतो. आपल्याच आळीत कर्डकांच्या वळणाचा जलसा करणारे म्हातारे होते. त्यांच्या गाण्यांच्या वह्या कुठं गेल्या? रद्दीत. पत्र्याच्या पेटीतला १९५६ चा नागपूरचा फोटो वाळवीनं खाल्ला. वाळवी काही मनुवादी नव्हती.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून ह्या दोघी चळवळीतल्या बायांचा माग काढत हिंडल्या, म्हाताऱ्या आयाबायांना बोलतं केलं, आणि १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक उभं राहिलं. खैरमोड्यांनी बाबासाहेबांच्या चरित्राचा पहिला खंड १९५२ साली काढला, बाबासाहेब हयात असताना. कुठल्या मंडळाच्या तोंडाकडं बघत बसले न्हाईत.

आम्ही चौघांनी एक वही घातलीय. दुसरी पाळी असली की सकाळी, पहिली असली की संध्याकाळी एकेक घर घेतो. विचारायचे प्रश्न थोडेच : तुमच्या घरात शेवटचा येसकर कोण? काठी कधी टाकली? टाकली तेव्हा गावानं काय केलं? पाणी कुठून आणायचा, आणि विहिरीवर पहिल्यांदा कोण चढलं? पहिल्याच घरात आजीनं सांगितलं, काठी टाकली न्हाई, तिच्या सासऱ्यानं ती चुलीत घातली आणि त्यावर भाकरी भाजली. चिठ्ठीसाठी हे वाक्य मी कार्यवाहांना नेऊन दिलंय. अजून लावलेलं न्हाई.