शिंपीकामाला पदवी कशाला?

"फॅशन डिझाईन? म्हणजे शिंपीकामच ना? त्याला पदवी कशाला?"

आमच्या नात्यातल्या एका मुलीने बारावीनंतर हा विषय घ्यायचा म्हटलं, तर सिन्नरपासून पुण्यापर्यंत सगळ्या काका-मावश्यांचा हाच सूर! म्हणून मंडळी, आज थोडं भांडायचं ठरवलंय.

पहिलं म्हणजे, शिंपीकामाला तो 'च' लावू नका. सपाट कापड गोलाईच्या अंगावर नीट बसवायचं, तेही फार वाया न घालवता बेतायचं, ही भूमितीच आहे. आमच्या वेळी शाळेत मुलींना शिवण आणि मुलांना सुतारकाम असे. शिवण म्हणजे बायकांचा वेळ घालवण्याचा उद्योग, ही समजूत तेव्हाची आहे. कोल्हापूरच्या भानू अथय्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्याबरोबर त्यांना ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय! तेव्हा हसणाऱ्यांनी जरा जपून हसावं.

पण माझं खरं भांडण दुसऱ्यांशी आहे. मुलीबरोबर मीही एका संस्थेत गेले होते. गुळगुळीत माहितीपत्रक, भिंतीवर रॅम्पवरचे फोटो. "पदवी कोणत्या विद्यापीठाची?" एवढंच विचारलं, तर उत्तराऐवजी चहा आला!

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातलं कलम २२ स्पष्ट आहे. पदवी फक्त कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्थाच देऊ शकते. 'निफ्ट' १९८६ साली सुरू झाली, आणि तिला २००६ च्या कायद्याने पदवीचा अधिकार मिळाला. तिच्या बी.डिझ.ला बारावीची कुठलीही शाखा चालते, पण प्रवेश परीक्षा द्यावी लागते. बाकीच्यांनी पदविका जरूर द्यावी, चांगली शिकवली तर ती वाईट नाही. पण पदविकेला पदवी म्हणून विकणं ही शुद्ध फसवणूक आहे.

आणि शिकवतात काय, तेही बघायला हवं. आपल्याच जिल्ह्यात येवल्याची पैठणी आहे, मालेगावचे यंत्रमाग आहेत. जी संस्था मुलांना रॅम्पवर नेते पण मागापर्यंत नेत नाही, ती कापड शिकवत नाही, थाट शिकवते. आठवड्यात किती तास कात्री हातात असते, शिकवणाऱ्यांपैकी कितीजणांनी कारखान्यात काम केलंय, मागच्या वर्षीची मुलं आज कुठे आहेत, हे विचारा. लाजू नका. इंजिनियरिंगला आपण चार कॉलेजं पालथी घालतो, मग इथेच का डोळे मिटून पैसे भरायचे?

मुलीला अडवू नका. तिच्याबरोबर जा आणि कागद बघितल्याशिवाय फीचा चेक फाडू नका. ज्यांना हे पटलं नसेल त्यांनी वाद घालायला खुशाल घरी यावं.