कॅमेरा वाघासाठी, फोटो बाईचा



माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, एआय शाखेत. परवा आमच्याकडे आला तेव्हा 'एथिक्स'च्या पेपरची तयारी चालली होती. मी कणीक मळत होते, तो म्हणाला, "मावशी, तू प्रश्न विचार." निष्पक्षता, पारदर्शकता, उत्तरदायित्व, सगळं धडाधड म्हणून दाखवलं. मी विचारलं, "निष्पक्षता कोणाशी रे?" तर म्हणे, "ते पेपरात विचारत नाहीत."

राग आला तो याचाच.

आपण चंद्रपुरात राहतो. ताडोबाला लागून असलेल्या सीतारामपेठेत एआयचे कॅमेरे लागलेत. वाघ ओळखतात, गावाला सावध करतात. चांगलंच आहे, माझा विरोध नाही. पण किती खात्री झाली की इशारा द्यायचा, हे कोणीतरी ठरवलेलं असतं ना? सावलीलाही इशारा आला तर आठ दिवसांत कोणी लक्ष देणार नाही. पूर्ण खात्रीची वाट पाहिली तर वाघ अंगणात. ही रेघ कुठे ओढायची याला कॉलेजात 'टेक्निकल' म्हणतात. मी म्हणते, एथिक्सचा खरा पेपर हाच.

आणि कॅमेऱ्यात वाघच येतो असं नाही. उत्तराखंडातल्या कॉर्बेटच्या जंगलावरचा एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. प्राण्यांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यात आडोशाला बसलेली बाई टिपली गेली, आणि तो फोटो गावातल्या लोकांच्या मोबाइलवर फिरला. सरपण-गवताला जाणाऱ्या बायका तिथे मोठ्याने गात, म्हणजे जनावर दूर राहतं. कॅमेऱ्याच्या धाकाने त्या गप्प झाल्या. वाघापासून वाचवणारा आवाजच गेला!

यंत्र बनवणाऱ्याच्या मनात असं काही नसेलही. पण प्रमादाने घडते तीही हिंसाच, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आपल्या आज्या पाणी गाळून थांबत नसत, जिवाणी त्याच विहिरीत परत सोडून येत. तेव्हा कुठे काम पुरं व्हायचं.

मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. गावाच्या वेशीवरचा कॅमेरा जंगलात सोबत जात नाही. कॅमेरा कुठे हवा, कुठे नको, हे तिथे रोज जाणाऱ्या बाईलाच माहीत. गडचिरोलीत मेंढा-लेखाची ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते, एकाचा नकार असला तरी विषय थांबतो. या मुलांनी आपला प्रोजेक्ट अशा सभेपुढे मांडावा, बायकांचे प्रश्न ऐकावेत, मगच मार्क मिळावेत. वर्गात बसून हे यायचं नाही.

"अभ्यासक्रमात एवढा वेळ कुठे?" असं म्हणणारे भेटतात. कोडिंगला चार वर्षं मिळतात की! आणि आपणही काही कमी नाही. मुलगा घरी आला की पहिला प्रश्न, पॅकेज किती?

मेमध्ये भाच्याची इंटर्नशिप आहे म्हणे. ताईला फोन करून सांगितलंय, त्याआधी आठ दिवस त्याला इकडे पाठव.