चुन्याची निवळी आणि समुद्रांतील घरें

पानाच्या डब्यांतील चुना पाण्यांत कालवून वर राहिलेली स्वच्छ निवळी आम्हीं परवां कांचेच्या पेल्यांत घेतली व घरांतील मुलांस तींत नळीनें हळूच फुंकावयास सांगितलें. मात्र ती तोंडांत येऊं द्यावयाची नाहीं, अशी ताकीद दिली. थोड्याच वेळांत निवळी दुधासारखी झाली. श्वासांतील कर्बवायु चुन्याशीं मिळून खडूचे कण झाले. मुलें फुंकीतच राहिलीं. आणि पुष्कळ वेळानें पाणी पुन्हां निवळूं लागलें. कर्बवायु अधिक झाला कीं स्वतःच घडविलेला खडू तो विरघळवूं लागतो!

हाच खेळ आज समुद्रांत चालला आहे. शंख, शिंपले, कालवें आणि अंगभर साळूसारखे कांटे असलेला वाटोळा सी-अर्चिन, यांचीं कवचें त्याच खडूच्या द्रव्याचीं. कोळसा व तेल जाळून मनुष्य जो कर्बवायु सोडतो, त्याचा सुमारें चौथा हिस्सा समुद्र पोटांत घेतो. समुद्र आंबट झाला, असें मात्र नव्हे. त्याची अल्कता उतरत आहे. अठराव्या शतकानंतर पृष्ठभागाच्या पाण्याचा ‘पीएच’ अंक सुमारें ८.२ वरून ८.१ वर आला. फरक क्षुल्लक वाटेल. परंतु त्या मापाची रीतच अशी कीं, तेवढ्यानें अम्लता पाव हिश्शाहून अधिक वाढते.

इटलींतील इस्किया बेटाजवळ समुद्रतळांतून हा वायु निसर्गतःच बुडबुडत असतो. तेथील पाहणी २००८ सालीं प्रसिद्ध झाली. जेथें वायु अधिक, तेथें सी-अर्चिन विरळ व गोगलगायींचीं कवचें झिजलेलीं. सागरी गवत मात्र भरघोस. म्हणजे समुद्र ओसाड पडत नाहीं. ज्यांस घर बांधावयाचें, त्यांचेंच कठीण होतें.

त्यांतही पहिला घाव पिलांवर. सी-अर्चिनचें पिलूं मोहरीहूनही लहान. तें पाण्यांत तरंगत असतांच आपला सांगाडा रचतें. अंगांतील अम्ल बाहेर घालविण्यांत त्याची शक्ति खर्चते व वाढ खुंटते. अमेरिकेच्या ऑरेगॉन किनाऱ्यावर २००७-०८ च्या सुमारास पैदाशीच्या हौदांतील कालवांचीं पिलें मोठ्या संख्येनें मेलीं. खोल समुद्रांतून वर आलेलें, कर्बवायूनें भारलेलें पाणी त्यास कारण, असें पुढें आढळलें; व पाण्यांत सोडा घालून तें सुधारावें लागलें.

हौदापुरता सोडा मिळतो. समुद्रास पुरेल इतका कोठून आणावयाचा? आमचीं मुलें दमलीं तेव्हां फुंकणें थांबलें. थोरांनीं मात्र दमण्याची वाट न पाहतां, आपल्या घरांतील चूल, दिवा आणि गाडी यांचा हिशेब आजच मांडावा, हें बरें.