धारेचा वेळ हाही कामाचाच वेळ

फुगणाऱ्या ड्रमचा सँडर हे यंत्र दिसायला साधे आहे. रबरी ड्रमला तिरप्या फटी असतात. यंत्र बंद असताना घासपट्टा त्यावर सहज चढतो. ड्रम वेगाने फिरू लागला की रबर बाहेरच्या दिशेने फुगते आणि पट्टा घट्ट धरते. सरस लावून वाळवत बसावे लागत नाही. जाड दाण्याच्या पट्ट्यावर खुर्चीचा वळणदार पाय घासा, बारीक दाण्याचा पट्टा चढवून पटाशीला धार काढा. मालक म्हणतो, एका खर्चात दोन कामे झाली.

यंत्राला आमचा विरोध नाही. सहाणेवर तास घालवण्यात कसलीही थोरवी नाही. प्रश्न आहे तो वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडतो आणि वाढलेला धोका कोणाच्या माथी येतो, हा.

नगावर काम करणाऱ्या सुताराला खुर्चीचे पैसे मिळतात, धार काढण्याचे नाहीत. म्हणून तो जेवणाच्या सुट्टीत घाईघाईने ड्रमपाशी उभा राहतो. घाईत पटाशी जोराने दाबली जाते, पाते तापून निळे पडते आणि पोलादाचे पाणी उतरते. तेवढा भाग घासून टाकावा लागतो. हत्यार झिजते, आणि ते बहुधा कामगाराच्याच पैशाचे असते. धार न काढावी तर बोथट पटाशी जास्त जोर मागते, घसरते आणि हातात घुसते. धार ही कामगाराची हौस नव्हे, उत्पादनाची गरज आहे. मग तिची मजुरी का नको?

दुसरा प्रश्न ठिणगीचा. पोलादाला धार काढताना ठिणग्या उडतात, लाकूड घासताना बारीक भुसा. दोन्ही एकाच धूळपिशवीत ओढले गेले तर विस्तव आत धुमसत राहतो आणि पाळी सुटल्यावर पेट घेतो. शिवाय लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करते, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच दिला आहे. नाकाला रुमाल बांधणे हा त्यावर उपाय नव्हे.

१९४८ च्या कारखाने कायद्यात धूळ उगमापाशीच ओढून घेणे, घासचाकाजवळ कमाल सुरक्षित वेगाचा फलक लावणे आणि डोळ्यांना संरक्षण देणे यांसाठी अनुक्रमे १४, ३० आणि ३५ ही कलमे होती. त्या कायद्याच्या जागी २०२० ची सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. विजेवर चालणारी जागा ‘कारखाना’ ठरण्यास पूर्वी १० कामगार पुरत, आता २० लागतात. जोगेश्वरी-ओशिवऱ्यापासून दिल्लीच्या कीर्तिनगर व सहारनपूरपर्यंत लाकूडकाम चालते ते बव्हंशी लहान वर्कशॉपमध्येच. तेथे कायद्याचा हात आखडला, तर संघटनेने तो लांब केला पाहिजे.

म्हणून पुढच्या करारात या मागण्या असाव्यात. धारेचा वेळ मजुरीत धरावा. पोलाद आणि लाकूड यांसाठी पट्टे व धूळपिशव्या वेगळ्या असाव्यात. गार्ड आणि चष्मा मालकाने द्यावा. ड्रमचा कमाल वेग आणि फिरण्याची दिशा कामगाराला वाचता येईल अशा भाषेत यंत्रावर लिहावी. नव्या मुलाला आधी शिकवावे की पात्याची धार फिरत्या पट्ट्याच्या सामोरी धरायची नाही. पट्टा फाटतो आणि हत्यार हातातून उडते.

यापैकी एकही मागणी मालकाला बुडवणारी नाही. बोटे मात्र पुन्हा उगवत नाहीत.